तुइरेचा दुसरा गळ

तुइरे हाकोसालोचा कशावरच विश्वास नाही, हे खाडीकाठच्या त्या विद्यापीठात दारावरच्या राखणदारापासून प्रोफेसरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. घड्याळावर नाही, हवामानाच्या अंदाजावर नाही, बाजारातल्या 'आजच्या ताज्या' मासळीवर तर मुळीच नाही. दार लावून बाई चार पावलं पुढे जाई आणि परत येऊन मूठ ओढून बघे. लोक हसत. पण ती विद्यापीठाची अणुभट्टी चालवत होती, आणि अणुभट्टी चालवणाऱ्या बाईने दार दोनदा ओढून बघितलेलं बरं, असं हसणारेसुद्धा मनातल्या मनात म्हणत.

भट्टी तशी लहानशी. तिच्यावर कुणाच्या घरात दिवा लागत नव्हता. ती होती पोरांना शिकवायला आणि संशोधकांनी आणलेल्या मातीला, दगडाला, जुन्या भांड्यांच्या खापऱ्यांना न्यूट्रॉनचा मारा द्यायला. विहिरीसारखा खोल हौद, त्यात नितळ पाणी, तळाशी इंधनाच्या कांड्या. न्यूट्रॉन गिळणारे दांडे वर ओढले की भट्टी जागी व्हायची, खाली सोडले की झोपायची. चालू भट्टीवर वाकून पाहिलं की तळाला निळा उजेड दिसे, आणि कितीही वात्रट पोरगा असला तरी पहिल्यांदा तो बघताना घटकाभर गप्प होई.

भौतिकशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी स्वतःच्या हाताने दांडा वर घ्यायचा, असा तिथला रिवाज होता. तुइरे मागे उभी असायची. "हळू," ती म्हणायची. "बोटीचं इंजिन नाही ते, हिसका दिला की सुरू व्हायला. आणि एकाच काट्याकडे काय बघतोस? तो खोटं बोलत असेल तर? शेजारच्यालाही विचार."

हा स्वभाव तिला बापाकडून आलेला. बाप आतल्या सरोवरांच्या मुलखातला मासेमार. हिवाळ्यात बर्फावर जाळी टाकायला निघाला की हातात लोखंडी पहार असायची. प्रत्येक पावलाआधी पहार समोर आपटायची, आवाज ऐकायचा, मग पाऊल. छोटी तुइरे त्याच्या मागे, बरोबर त्याच्या पावलावर पाऊल टाकत. "काल याच बर्फावरून घोडा गेला असेल," बाप म्हणायचा, "पण आजचं आज विचारायचं. ठोकायचं आणि विचारायचं." शेजारच्या घरचा मुलगा एकदा न विचारता गेला तो वसंतातच सापडला. तुइरेने ते कधीच न विसरायचं ठरवलं, आणि ती विसरलीही नाही.

भट्टीवर तिचा जोडीदार राउनो वेहमास. कितीतरी वर्षं दोघं एकाच काचेमागे, एकाच टेबलाशी बसत आली होती. राउनो तिच्या अगदी उलट. गडगडाटी हसणारा, पोरांत पोर होणारा, वेळेआधी कॉफी मागणारा. दोघांची कामं वाटून घेतलेली होती. भट्टीभोवती पाण्याखाली एक फिरतं चक्र होतं, त्याला खोल, अरुंद भोकं. ज्या वस्तूला मारा द्यायचा ती बोटाएवढ्या डबीत घालून त्या भोकात सोडायची. सोडायला आणि काढायला साधी मासे धरायची काठी, रीळ, दोरी आणि आकडा. नियम असा की जो सोडेल त्याने काढायचं नाही, दुसऱ्याने काढायचं. राउनो सोडायचा, तुइरे काढायची.

आणि काढून झालं की तुइरे रिकामा आकडा त्याच भोकात पुन्हा एकदा सोडायची, तळाला टेकवायची, दोनदा हलवायची. नियमात हे कुठेही नव्हतं. राउनो विद्यार्थ्यांना डोळा मारून सांगायचा, "बघा हं, आता आमच्या बाई रिकाम्या तळ्यात गळ टाकणार. मासा नाही हे तिला माहीत आहे, पण माशाने सांगितलं पाहिजे ना!"

"तुला काय जातंय?" तुइरे मान न वळवता म्हणे.

"माझी कॉफी निवते, ते जातंय."

ऑक्टोबरच्या सुरुवातीला राउनोचा नावदिवस येई. पंचांगातला आपल्या नावाचा दिवस आला की माणसाने कामावर सगळ्यांना कॉफी आणि केक द्यायचा, हे तिथे कुणाला सांगावं लागत नाही. त्या वर्षी राउनोने बायकोकडून क्लाउडबेरीचा केक करवून आणला होता. ही पिवळी फळं दलदलीत वाकून वाकून एकेक वेचावी लागतात, आणि ती जिथे मिळतात ती जागा माणूस सख्ख्या भावालाही सांगत नाही. त्यामुळे त्या केकची किंमत सगळ्यांना कळत होती. विद्यार्थ्यांचा वर्ग नुकताच आटोपला होता. न्यूट्रॉन गिळणारं कॅडमियम भट्टीजवळ गेलं की दांडा किती वर घ्यावा लागतो, हा त्या दिवशीचा धडा. तुइरेने कॅडमियमची डबी वर ओढून शिशाच्या पेटीत टाकली आणि सवयीने पुन्हा दोरी सोडायला लागली.

"अगं, ठेव आता ती काठी," राउनो जिन्याच्या तोंडाशी उभा राहून म्हणाला. "सगळे खोळंबलेत. वर्षातून एक दिवस माझा, आज तरी माझ्यावर विश्वास ठेव."

तुइरेने काठीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. "केक बरा नसला तर बघ," ती म्हणाली आणि काठी भिंतीला टेकवून खाली गेली. केक उत्तम होता. तिने दोन तुकडे खाल्ले.

पुढच्या सोमवारी सकाळी भट्टी जागी करताना तिच्या मनात पहिली पाल चुकचुकली.

सोमवारचं भट्टीवाल्यांना फार महत्त्व. भट्टी जोरात चालली की तिच्या पोटात झेनॉन नावाचा वायू साचतो, आणि तो न्यूट्रॉन खातो. चुलीत राख साचली की विस्तव धरायला जास्त फुंकावं लागतं, तसं दुसऱ्या दिवशी दांडा थोडा जास्त वर ओढावा लागतो. भट्टी स्वस्थ पडू दिली की ही राख आपोआप विरून जाते. म्हणून आठवडाभर दांडा कधी इथे, कधी तिथे. पण शनिवार-रविवार विसावलेली भट्टी सोमवारी सकाळी धुतलेल्या तोंडाने समोर येते. सोमवारचा आकडा हाच खरा आकडा. तुइरेला तो स्वतःच्या जन्मतारखेसारखा पाठ होता.

त्या सोमवारी दांडा नेहमीच्या जागी आला आणि भट्टी उठली नाही. तिने आणखी थोडा वर घेतला. आणखी थोडा. मग उठली. फरक लहान होता, चालवायला परवानगी असलेल्या मर्यादेच्या आतला. पण होता. दुसऱ्या काट्याला विचारलं, तोही तेच म्हणाला. पाण्याचं तापमान पाहिलं, ठीक होतं.

सोमवारी राख. म्हणजे काल चूल पेटली होती. रविवारी. कुणीतरी रविवारी येऊन भट्टी चालवली होती, आणि चांगली तासन्‌तास चालवली होती.

तिने बाजूला बघितलं. राउनो आपल्या पडद्याकडे बघत होता. त्यालाही तो आकडा दिसत होता. त्याच्याही टेबलावर तेच काटे होते. पण हा बोलका माणूस त्या सकाळी एक अक्षर बोलला नाही. फक्त कपातली कॉफी ढवळत राहिला. आणि राउनो कॉफीत साखर घालत नसे.

भट्टीची किल्ली दोघांकडेच होती. एक तिच्याकडे, एक त्याच्याकडे.

खरं तर तिने तिथल्या तिथे तोंड उघडायला हवं होतं. कारण न कळणारी कुठलीही गोष्ट दिसली की लगेच मोठ्याने सांगायची आणि भट्टी थांबवायची, हा त्या खोलीतला पहिला नियम. तोच ती पोरांना वर्षानुवर्षं घोकून घेत आली होती. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की राउनो चोर आहे? भट्टीचे दिवस आधीच वाईट होते. वसंतात विद्यापीठाचं मंडळ बसून ती चालू ठेवायची की कायमची बंद करायची ते ठरवणार होतं. विभागाची प्रमुख प्रोफेसर मारीत लुंडबेर्ग ती वाचवायला दारोदार फिरत होती. तिने दोघांना बसवून सांगितलं होतं, "एक डाग नको मला. एकही. त्यांना निमित्त हवंय." चोरून चालवलेली भट्टी म्हणजे डाग नव्हे, सगळं कापडच गेलं. राउनो कोर्टात, भट्टीला कुलूप, आणि तुइरेचं अख्खं आयुष्य त्या कुलपाच्या आत.

तेव्हा ती गप्प बसली. आधी खात्री करू, असं स्वतःला म्हणाली. संशयी माणसाला खात्री करून घेण्याइतकं सुख दुसरं नाही.

एकदा नजर त्या बाजूला वळली की मग सगळंच दिसायला लागतं. राउनो हल्ली फोन घेऊन बाहेर जात होता. गुरुवारी कॅन्टीनमध्ये वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक असतो, तो राउनोने कधी चुकवला नव्हता. आता तो डबा आणून एकटाच खायला लागला. तळघरातल्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या खोलीत शेकत बसायच्या दिवशीही "पाठ दुखते" म्हणून घरी पळायला लागला. पाठ दुखणारा माणूस सौना सोडून पळतो? तिथेच तर पाठ बरी होते! उन्हाळ्यात त्याने बोटीला नवं इंजिन बसवलं होतं, ते तुइरेला आत्ता आठवलं. एका कंपनीचा माणूस मध्यंतरी येऊन काही नमुने रांगेशिवाय होतील का विचारून गेला होता, तेही आठवलं. इथे नक्की पाणी मुरत होतं.

"तब्येत बरी आहे ना रे?" तिने एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं.

"माझी? उत्तम." राउनोने तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "तुझी?"

"मला काय धाड भरलीय!"

"नाही, दमलेली दिसतेस. रविवारी विश्रांती घेतेस ना?"

रविवारी!  चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, तिला वाटलं. स्वतःहून रविवारचं नाव काढतोय.

दुसऱ्या सोमवारी दांडा पुन्हा तेवढाच वर. राउनो पुन्हा गप्प.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी तुइरे घरातून निघाली. नवऱ्याला सांगितलं, मशरूम बघून येते. टोपली घेतली, थर्मास घेतला, आणि गाडी विद्यापीठाच्या सायकलींच्या छपरामागे नेऊन उभी केली. बर्चच्या झाडांची पानं गळून गेली होती, त्यामुळे भट्टीच्या इमारतीचं बाजूचं दार तिथून स्पष्ट दिसत होतं. ती बसली. आपण काय करतोय याची तिला लाज वाटत होती, आणि लाज वाटत असूनही ती दारावरून नजर काढत नव्हती. देवाशपथ, तो येऊ नये, असं तिला वाटत होतं. गाडीचा आवाज आला की ती सीटमध्ये खाली सरकत होती.

राउनो आला. गाडी लांब, ग्रंथालयापाशी लावून चालत आला. इकडेतिकडे बघितलं. किल्लीने दार उघडून आत गेला.

तुइरेच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिला स्वतःचा राग आला. इतकी वर्षं! तिच्या आईच्या अंत्यविधीला हा माणूस बर्फातून गाडी हाकत आला होता. याच्या मुलीच्या लग्नात तिने सॅमनचं सूप ढवळलं होतं. आत जाऊन त्याला धरावं असं तिला वाटलं, पण पाय उचलेना. आत जाऊन ते डोळ्यांनी पाहिलं असतं तर मग ते खरं झालं असतं. थोड्या वेळाने तो बाहेर आला, दार ओढलं, पुन्हा परतून ओढून बघितलं, अगदी तिच्यासारखं, आणि निघून गेला. एवढ्याशा वेळात भट्टी चालवून कशी होईल, हा प्रश्न तिला पडायला हवा होता. पडला नाही. संशयाला हवं तेवढंच दिसतं.

घरी नवऱ्याने रिकामी टोपली बघितली. "काहीच नाही मिळालं?"

"मिळालं," ती म्हणाली आणि आत गेली.

तिसरा सोमवार शरदातल्या सुट्टीचा होता. विद्यार्थी नाहीत, नमुने नाहीत. तुइरेने रात्रभर योजना आखली होती. इतर सोमवारी भट्टी लगेच जोरात चालवावी लागे आणि मग सगळंच एकमेकांत मिसळून जाई. आज ती अगदी मंद ठेवायची, नुसती धुगधुगती, आणि दिवसभर दांड्याकडे बघत बसायचं. रविवारची राख असेल तर ती दिवसभरात विरत जाईल आणि दांडा हळूहळू खाली घ्यावा लागेल. तसं झालं की पुरावा पक्का. मग मारीतकडे जायचं.

"आज मंदच ठेवू या का?" ती शक्य तेवढ्या निर्विकारपणे म्हणाली. "काटे तपासायचे आहेत."

"हो हो, मंदच ठेवू," राउनो म्हणाला. इतक्या चटकन, की तुइरे दचकली. "मीही तेच म्हणणार होतो."

दोघं बसली. राउनोने वर्तमानपत्र उघडलं आणि एकही पान उलटलं नाही. तुइरेने विणकाम काढलं आणि मोज्याची टाच दोनदा उसवली. दोघांची नजर त्या एकाच आकड्यावर. कॉफी झाली. राय धान्याचा काळा पाव आणि चीज झालं. आकडा हलला नाही. पुन्हा कॉफी झाली. आकडा जागचा हलायला तयार नव्हता. दुपार कलली, काचेबाहेरचा उजेड करडा झाला, आणि दांडा सकाळी होता तिथेच होता, केसभरही इकडेतिकडे नाही.

तुइरेच्या हातातल्या सुया थांबल्या. राख असती तर विरली असती. ही राख नव्हती. चुलीत दगड पडलेला होता. रविवारी कुणीही भट्टी चालवली नव्हती, कुठल्याच रविवारी नव्हती. न्यूट्रॉन गिळणारं काहीतरी भट्टीच्या कुशीत सतत बसून होतं, रोज बसून होतं; फक्त ते दिसायचं सोमवारी.

तिने मान वळवली. राउनो तिच्याकडेच बघत होता. 

"झेनॉन नाहीये," तो म्हणाला.

"तुला कसं माहीत मी झेनॉन शोधत होते?"

"कारण मीही तेच शोधत होतो." त्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं. "तुइरे, तू रविवारी इथे येत होतीस ना? काल सायकलींच्या छपरामागे तुझी गाडी मी बघितली. मला वाटलं, वसंतात भट्टी जाणार म्हणून तू एकटीच येऊन चालवत बसतेस. तुझं अर्धं लग्न त्या भट्टीशीच लागलंय. मी दर रविवारी येऊन बघत होतो, तुला धरायला. आत शिरून टेबल गरम आहे का म्हणून हात लावून बघायचो, मूर्खासारखा."

"मला धरायला?" तुइरे उभी राहिली. "मी तुला धरायला बसले होते त्या गाडीत! थंडीत! टोपली घेऊन!"

क्षणभर दोघांना हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही. कारण दगड अजून आत होता. त्यांनी भट्टी झोपवली, दोघं हौदाच्या कठड्यावर गेली, आणि तुइरेने काठी उचलली. चक्र फिरवून ती एकेका भोकात आकडा सोडत गेली. रिकामं. रिकामं. नावदिवसाच्या धड्याचं भोक आलं आणि तळाला टेकण्याआधीच दोरी सैल पडली. काहीतरी अडलं होतं. तिने आकडा दोनदा हलवला, तो धरला, आणि रीळ फिरवलं. कॅडमियमची दुसरी डबी वर आली. किरणांचं मोजयंत्र तिच्याजवळ नेताच करकरायला लागलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. दोन आठवडे दोघं एकमेकांच्या मागावर, आणि डबी त्यांच्याच दोरीच्या टोकाला.

"दोन होत्या?" तुइरेने विचारलं.  "तू दोन सोडल्या होत्यास?"

राउनो कठड्याला धरून खाली बसला. "तू पोरांना आणायला खाली गेली होतीस तेव्हा. दुप्पट कॅडमियम घातलं की दांडा किती चढतो ते दाखवावं म्हटलं, गंमत म्हणून. एकावर एक ठेवल्या. वर्गाच्या गडबडीत ते पोरांना दाखवायचंही राहिलं आणि तुला सांगायचंही. पण मला काळजी नव्हती गं. मनात म्हटलं, तुइरे दुसरा गळ टाकतेच. वरची काढेल, मग पुन्हा टाकेल तेव्हा खालची लागेल." तो थांबला. "आणि मग केकच्या नादात सगळं विसरून मीच तुला टाकू दिला नाही."

तुइरेने डबी शिशाच्या पेटीत टाकली. आयुष्यात एकदा, केकच्या एका तुकड्यासाठी, मैत्रीखातर तिने दुसऱ्याच्या शब्दावर पाऊल टाकलं होतं, आणि बर्फ नेमका तिथेच पातळ होता. पण तिला खरं लागलं ते वेगळंच होतं.

"पहिल्या सोमवारी तुला दिसलं होतं," ती म्हणाली. "मग मला विचारलं का नाहीस?"

"तुला दिसलं होतं. तू का नाही विचारलंस?"

"विचारलं असतं तर तू चिडला असतास."

"अर्थात चिडलो असतो! आरडाओरडा केला असता. मग दोघं मिळून इथे वर आलो असतो आणि त्याच दुपारी ही डबी काढली असती." राउनोने तोंडावरून हात फिरवला. "तुझा बाप काय करायचा? बर्फावर संशय आला की छपरामागे लपून बसायचा का? ठोकायचा ना? मला ठोकायचं होतंस, तुइरे."

 यंत्रांना ती रोज तोंडावर विचारत आली होती. माणसाला मात्र, आणि तेही सगळ्यात जवळच्या, तिने पाठीमागून तपासलं. तिला इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मग राउनो हळूच म्हणाला, "हे बघ. डबी राहिली हे सांगावं लागेलच. पण कधी दिसलं, ते कोण विचारणार आहे? आज दिसलं. आज लगेच काढली. खोटं कुठे आहे त्यात? मंडळ बसतंय, भट्टी वाचेल, आपण दोघंही वाचू."

तुइरेने त्याच्याकडे बघितलं. त्याने सांगितलेलं सगळं शक्य होतं. कुणालाही कधीही कळलं नसतं. आणि खरं सांगितलं तर जास्त कुणाचं जाणार, तेही तिला लख्ख कळत होतं. न सांगता दुसरी डबी सोडणारा तो होता. मारीतच्या दारापर्यंत दोघं एक शब्द न बोलता चालत गेली. हा आत काय बोलेल, हे तिला माहीत नव्हतं. ही काय बोलेल, हे त्याला माहीत नव्हतं.

मारीतने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "लक्षात कधी आलं?"



"मला पहिल्या सोमवारी," तुइरे म्हणाली. "दोन आठवडे झाले. मी बोलले नाही."

ती राउनोकडे बघत नव्हती. तिला बघवत नव्हतं. खुर्ची करकरली.

"मलाही," राउनो म्हणाला. "पहिल्याच सोमवारी."

मारीतने चष्मा काढला. ओरडली असती तर परवडलं असतं. "डबी राहिली, ते मला समजतं," ती म्हणाली. "माणसाच्या हातून होतं. पण आकडा चुकतोय हे कळत असताना तुम्ही दोघं शेजारी शेजारी बसून, माझ्या पोरांना समोर बसवून, भट्टी चालवत राहिलात? एकमेकांना सांभाळायला? आणि भट्टीला कोण सांभाळणार होतं?"

सरकारी तपासनीस आले. हिवाळाभर भट्टी झोपून राहिली. हौदावर दिवे लागत, पाणी नितळ दिसे, पण तळाला निळा उजेड नव्हता, आणि तुइरे रोज येऊन त्या काळ्या पाण्याकडे बघत बसे. वसंतात मंडळाने कुरकुरत आणखी काही वर्षांची मुदत दिली. तुइरेला पुन्हा परीक्षा देऊन खुर्ची मिळाली. राउनोला मिळाली नाही. न सांगता सोडलेली डबी त्याला भोवली. त्याने वाद घातला नाही. खालच्या प्रयोगशाळेत नमुने बांधायचं काम घेतलं आणि निवृत्तीपर्यंत तेच करायचं ठरवलं. त्याची किल्ली त्याने तुइरेच्याच हातात दिली. तो दिवस तिला आईच्या मरणाइतका जड गेला.

पण एक गोष्ट बदलली. तुइरे आता माणसांनाही ठोकायला लागली. "कालचा नमुना तू नीट बांधलास? मला वाटत नाही," ती राउनोला भर कॅन्टीनमध्ये, सूप भुरकता भुरकता म्हणे. तो लालबुंद होई, हातवारे करी, खाली घेऊन जाऊन दाखवी. नमुना बहुतेक वेळा नीट असे. "खूश?" तो विचारी. "आजच्यापुरती," ती म्हणे. नव्या माणसांना वाटायचं, या दोघांचं अजिबात पटत नाही.

ऑक्टोबरात त्याचा नावदिवस आला. केक पुन्हा क्लाउडबेरीचाच होता. वर्ग संपला होता, खाली कप वाजत होते, आणि राउनो आता पाहुण्यासारखा जिन्याच्या तोंडाशी उभा होता. तुइरेने डबी काढली. मग रिकामा आकडा पुन्हा सोडला, तळाला टेकवला, दोनदा हलवला, वर घेतला. राउनो काही बोलला नाही.

"काही नाही," ती म्हणाली.

"नक्की?"

तुइरेने वळून त्याच्याकडे बघितलं आणि काठी त्याच्यापुढे धरली. "माझ्यावर कशाला विश्वास ठेवतोस? ये, तूच बघ."

राउनो जिना सोडून कठड्याशी आला. तिच्या हातातून काठी घेतली आणि जपून, खूप हळू, दोरी सोडायला लागला. खालून कुणीतरी हाक मारली, कॉफी निवतेय म्हणून. दोघांपैकी कुणीही ओ दिली नाही.